गेमवरचं १६+ नेमकं कोण ठरवतं?

कानात इयरफोन घालायचा कंटाळा आला असेल, किंवा लोकलमध्ये आवाजच ऐकू येत नसेल, तर हा घ्या आपल्या या भागाचा लिखित अवतार. बोलताना मध्येच घेतलेले चहाचे घोट तेवढे गाळले आहेत.

या भागाचा विषय माझा नाही, माझ्या भाच्याचा आहे. वय वर्षं १३. गेल्या महिन्यात तो फोन घेऊन माझ्याकडे आला. स्क्रीनवर एक गोळीबाराचा गेम, आणि नावाखाली छोट्या चौकोनात १६+. म्हणाला, "मामा, आई म्हणते तू सोळाचा झाल्याशिवाय हा डाउनलोड करायचा नाही. पण हे सोळा काढलं कोणी? डॉक्टरने?"

मी म्हटलं, अरे, असेल कोणीतरी समिती. तो म्हणाला, "कुठली?" आणि माझी बोलतीच बंद झाली.

तर मंडळी, त्या "कुठली?"चं उत्तर शोधता शोधता हा भाग तयार झाला. थोडक्यात सांगायचं तर हे आकडे कुठल्या प्रयोगशाळेतून आलेले नाहीत. जवळजवळ प्रत्येक आकड्यामागे एक भांडण आहे, आणि "आपण नाही ठरवलं तर सरकार ठरवेल" ही भीती आहे. कशी, ते बघू. सुरुवात सिनेमापासून करावी लागेल, कारण गेमवाल्यांनी ही युक्ती सिनेमावाल्यांकडूनच उचलली.

१९६८: एक मासिक, एक पोरगा, एक कोर्ट

अमेरिकेत १९३४ पासून हॉलिवूडचे सिनेमे एका कडक नियमावलीखाली बनायचे. हेज कोड म्हणतात तिला. काय दाखवायचं, काय नाही, याची लांबलचक यादी. त्यात वय वगैरे भानगडच नव्हती. सिनेमा एकतर सगळ्यांसाठी, नाहीतर कोणासाठीच नाही.

साठच्या दशकात हा कोड मोडकळीला आला. आणि १९६८ च्या एप्रिलमध्ये एकाच दिवशी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल लागले. पहिल्यात न्यूयॉर्क राज्यातल्या एका दुकानदाराने १६ वर्षांच्या मुलाला नग्न चित्रांची मासिकं विकली होती. कोर्ट म्हणालं, जे मोठ्यांना विकायला चालतं ते लहानांना विकू नका असं राज्य सरकार सांगू शकतं. दुसरा निकाल डॅलस शहराचा. तिथल्या एका मंडळाने लहानांना कोणते सिनेमे चालणार नाहीत हे ठरवायला सुरुवात केली होती. कोर्टाने तो नियम रद्द केला, पण कारण काय दिलं? नियम फार मोघम आहे. म्हणजे नीट, स्पष्ट लिहिला असता तर चालला असता!

आता विचार करा, तुम्ही हॉलिवूडचे निर्माते आहात. उद्या अमेरिकेतलं प्रत्येक शहर आपापलं मंडळ काढणार. एका गावात सिनेमा चालणार, शेजारच्या गावात बंद. धंद्याची वाट लागणार. तेव्हा निर्मात्यांच्या संघटनेचा प्रमुख होता जॅक व्हॅलेंटी. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या कार्यालयात काम केलेला माणूस, राजकारणाची हवा ओळखणारा. त्याने त्याच वर्षी १ नोव्हेंबरला उद्योगाचीच स्वतःची रेटिंग पद्धत सुरू केली. सरकारने दार वाजवायच्या आधी आपणच दार उघडून उभं राहायचं, असा हा प्रकार. पुढे गेमवाल्यांनी अगदी हेच केलं.

ही पद्धत चालवतात कोण? मानसशास्त्रज्ञ? नाही. आईबाप. त्या मंडळावर मुलं असलेले साधे पालक बसतात, आणि बहुतेकांची नावं जाहीर करत नाहीत. अख्खा सिनेमा बघायचा आणि स्वतःला विचारायचं, बहुतेक पालकांना याबद्दल काय वाटेल? बस. मोजपट्टी एवढीच.

१९८४: अमरीश पुरींचा हात आणि १३ चा आकडा

आता यात आपला माणूस येतो. १९८४ च्या मे महिन्यात स्टीव्हन स्पीलबर्गचा 'इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम' आला. गोष्ट भारतात घडते, पण पटकथेला भारत सरकारचे आक्षेप होते, म्हणून बाहेरचं बरंचसं चित्रीकरण श्रीलंकेत झालं. त्यातला खलनायक मोला राम. टक्कल केलेला, डोळे वटारलेला. एका प्रसंगात तो जिवंत माणसाच्या छातीत हात घालतो आणि हृदय बाहेर काढतो. तो हात अमरीश पुरींचा! मुंबईच्या रंगभूमीवर घडलेले, मराठी 'शांतता! कोर्ट चालू आहे' या सिनेमातही दिसलेले. मोगॅम्बो व्हायला त्यांना अजून तीन वर्षं होती.

गंमत म्हणजे या सिनेमाला रेटिंग मिळालं होतं पीजी. म्हणजे पालकांनी जरा बघून घ्या, बाकी पोरं येऊ शकतात. इंडियाना जोन्स म्हटल्यावर लोक सात-आठ वर्षांच्या पोरांना घेऊन गेले आणि पोरांनी काय बघितलं, तर धडधडतं हृदय. जेमतेम दोन आठवड्यांनी 'ग्रेमलिन्स' आला. निर्मितीत पुन्हा स्पीलबर्ग, रेटिंग पुन्हा पीजी. गोंडस प्राण्याचं पोस्टर, आणि आत एक भुतावळ मिक्सरमध्ये, दुसरी मायक्रोवेव्हमध्ये फुटते. पालक भडकले.

अडचण अशी होती की पीजीच्या वर थेट आर. आर म्हणजे १७ वर्षांखालच्यांनी मोठं माणूस सोबत असेल तरच यायचं. मधली पायरीच नव्हती. मग स्पीलबर्गनेच व्हॅलेंटीला सुचवलं की या दोघांच्या मध्ये काहीतरी घाला. आणि १ जुलै १९८४ ला पीजी-१३ जाहीर झालं. 'टेंपल ऑफ डूम' थिएटरला लागून सहा आठवडेही झाले नव्हते! ऑगस्टमध्ये 'रेड डॉन' हा पीजी-१३ चा शिक्का घेऊन प्रदर्शित झालेला पहिला सिनेमा ठरला.

सहा आठवड्यांत कोणी किती मुलांच्या मेंदूचा अभ्यास करणार, सांगा? १३ हा आकडा आला तो पालकांचा राग आणि निर्मात्यांची सोय, या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतो म्हणून. आणि तो इतका घट्ट बसला की आज जगभरातल्या सुपरहिरोंचं आयुष्य त्या एका आकड्यावर चाललंय. माणसं ढिगाने मरू देत, रक्त फार दिसलं नाही म्हणजे झालं.

१९९३: घाम की रक्त?

आता गेमकडे वळू. हिंसक गेमवरचा आरडाओरडा तसा जुना आहे. १९७६ मध्ये 'डेथ रेस' नावाचा आर्केड गेम आला होता. काडीपैलवानासारख्या आकृत्यांना गाडीखाली चिरडायचं, की तिथे थडगं उगवायचं. आज बघितलं तर हसू येईल, पण तेव्हा त्यावरून मोठा गदारोळ झाला. खरी ठिणगी पडली ती मात्र 'मॉर्टल काँबॅट'ने.

१९९२ मध्ये हा गेम आर्केडमध्ये आला. त्यात कार्टून नव्हती, खऱ्या माणसांचं चित्रीकरण करून पात्रं बनवली होती. आणि शेवटी फेटॅलिटी: हरलेल्याचं मुंडकं पाठीच्या कण्यासकट उपटायचं. एक फेटॅलिटी तर हृदय बाहेर काढायची. (मोला रामची आठवण आली ना?) सप्टेंबर १९९३ मध्ये हा गेम घरच्या टीव्हीला जोडायच्या मशीनवर आला, आणि दोन कंपन्यांनी दोन रस्ते धरले.

निनटेंडोने सांगितलं, आमच्याकडे रक्त चालणार नाही. मग त्यांच्या गेममध्ये ठोसा बसला की करडा घाम उडायचा. हो, घाम! सेगाने काय केलं, तर सुरुवातीला रक्त लपवलं, पण एक गुप्त कोड ठेवला. बटणं ठरावीक क्रमाने दाबा, रक्त चालू. तो कोड महिनाभरात शाळाशाळांत पाठ झाला. खप कोणाचा जास्त झाला हे सांगायला नको. सेगाने मात्र एक गोष्ट केली होती: स्वतःचं रेटिंग मंडळ काढून या गेमवर १३ वर्षांपुढच्यांसाठी असा शिक्का मारला होता.

तुमच्यापैकी बीजीएमआय खेळणाऱ्यांना यात काहीतरी ओळखीचं वाटलं असेल. २०२१ मध्ये तो आपल्याकडे आला तेव्हा गोळी लागली की उडणारं रक्त हिरवं होतं, आणि १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा होती. (त्याआधी पबजी मोबाईल बंद झाला होता तो मात्र डेटा आणि देशाच्या सुरक्षेच्या कारणावरून. हिंसेमुळे नव्हे.) हिरव्या रक्ताची ही युक्तीसुद्धा जुनीच. 'मॉर्टल काँबॅट'च्या दुसऱ्या भागात निनटेंडोने अमेरिकेत लाल रक्त ठेवलं, पण जपानच्या आवृत्तीत ते हिरवं केलं. मार तोच, वेदना तीच, रंग तेवढा बदलला.

अमेरिकेत ही बातमी पोचली सिनेटर जो लीबरमन यांच्याकडे. त्यांच्या एका सहाय्यकाच्या लहान मुलाने हा गेम मागितला होता, तिथून सगळं सुरू झालं. ९ डिसेंबर १९९३ ला सिनेटमध्ये सुनावणी झाली. गेमच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. निनटेंडो आणि सेगाचे अधिकारी सिनेटर्सकडे बघायचं सोडून एकमेकांवरच तुटून पडले. तुमचा गेम घाणेरडा, नाही तुमची खेळण्यातली बंदूक मोठी!

या सुनावणीत 'मॉर्टल काँबॅट'इतकाच मार खाल्ला 'नाइट ट्रॅप'ने. यात घरातल्या कॅमेऱ्यांवर नजर ठेवून मुलींना हल्लेखोरांपासून वाचवायचं असतं. वाचवायचं, हं! पण मुलीवर हल्ला होतो तेवढाच तुकडा दाखवला तर कोणालाही वाटणार की हल्ला करणं हाच खेळ आहे. निनटेंडोचे हॉवर्ड लिंकन तिथे म्हणाले की असला गेम आमच्या मशीनवर कधीही येणार नाही. काही दिवसांतच खेळण्यांच्या मोठ्या दुकानांनी तो विकणं बंद केलं.

फेब्रुवारी १९९४ मध्ये लीबरमन यांनी थेट कायद्याचा मसुदाच मांडला. आता गेमवाल्यांना व्हॅलेंटी आठवले. सगळ्या कंपन्या भांडणं विसरून एकत्र आल्या, संघटना काढली, आणि सप्टेंबर १९९४ मध्ये ईएसआरबी हे रेटिंग मंडळ सुरू झालं. टी म्हणजे १३ पासून पुढे, एम म्हणजे १७ पासून पुढे. सिनेटरना ते पटलं, कायदा बारगळला. तेच जुनं औषध, नवा रोगी.

आणि 'नाइट ट्रॅप'चं पुढे काय झालं? २५ वर्षांनी तो पुन्हा आला. चित्रीकरण तेच, मुली त्याच. ईएसआरबीने त्याला दिलं टी, म्हणजे १३ वर्षांपासून चालेल. आणि २०१८ मध्ये तो आला निनटेंडो स्विचवर! गेम बदलला नव्हता. बघणारे बदलले होते.

मग ठरवतात तरी कसं?

इथे भाच्याचा खरा प्रश्न येतो. सिनेमा दोन-अडीच तासांचा. तीन-चार माणसं बसून अख्खा बघू शकतात. गेम शंभर तासांचा असतो, आणि प्रत्येकजण वेगळा खेळतो. मग काय करायचं?

दुकानात डब्यात मिळणाऱ्या गेमसाठी ईएसआरबीची पद्धत अशी: कंपनी एक मोठी प्रश्नावली भरते आणि गेममधल्या सगळ्यात टोकाच्या प्रसंगांचा व्हिडिओ पाठवते. किमान तीन परीक्षक तो बघून रेटिंग सुचवतात. अख्खा गेम खेळून बघत नाहीत. कंपनीने काही लपवलं तर मोठा दंड.

लपवलं तर काय होतं, ते २००५ मध्ये दिसलं. 'जीटीए सॅन आंद्रेयास'मध्ये एक लैंगिक प्रसंग कंपनीने बंद करून ठेवला होता, पण कोडमधून काढला नव्हता. लोकांनी तो शोधून चालू केला. जुलैमध्ये ईएसआरबीने रेटिंग १७ वरून थेट फक्त प्रौढांसाठी असं केलं, आणि मोठ्या दुकानांनी गेम मांडणीवरून उचलला. फरक अवघ्या एका वर्षाचा, १७ आणि १८. पण धंद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा.

युरोपात २००३ पासून पेगी नावाची पद्धत आहे. हिंसेबद्दलची तिची शिडी समजायला सोपी आहे. ७ म्हणजे कार्टूनछाप मारामारी. १२ म्हणजे काल्पनिक प्राण्यांवर जरा जास्त हिंसा, किंवा माणसांवर, पण खरी न वाटणारी. १६ म्हणजे मारणं आणि मरणं खऱ्यासारखं दिसतं. १८ म्हणजे भयंकर क्रूरता, विनाकारण हत्या, किंवा स्वतःचा बचाव करू न शकणाऱ्यांवर अत्याचार. लक्षात आलं? इथे किती माणसं मरतात हे कोणी मोजत नाही. मरताना ती किती खरी दिसतात, हे बघतात. म्हणून रंग महत्त्वाचा, म्हणून घाम, म्हणून हिरवं रक्त.

आणि तुमच्या फोनवरच्या गेमचं काय? ॲप्स इतकी आहेत की माणसं बसवून बघणं शक्यच नाही. म्हणून २०१५ पासून गूगल प्लेवर आयएआरसी नावाची व्यवस्था आहे. गेम बनवणारा एक ऑनलाइन फॉर्म भरतो. हिंसा आहे का? माणसांवर आहे का? रक्त दिसतं का? उत्तरं दिली की लगेच, आपोआप रेटिंग तयार. त्याच उत्तरांवरून अमेरिकेसाठी ईएसआरबीचं, युरोपसाठी बहुतेक ठिकाणी पेगीचं, आणि ज्या देशांचं स्वतःचं मंडळ यात नाही त्यांच्यासाठी सर्वसाधारण: ३+, ७+, १२+, १६+, १८+. आपण या शेवटच्या गटात. चुकीचं भरलं आणि तक्रार आली की मंडळं तपासून आकडा बदलू शकतात, पण सुरुवात होते ती बनवणाऱ्याच्या शब्दावर.

आपल्याकडे सिनेमा, ओटीटी आणि गेम

भारतात सिनेमाचं काम सरकारी. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र घ्यावंच लागतं. अनेक वर्षं दोनच खाने होते: यू आणि ए. ख्वाजा अहमद अब्बास यांनी मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चार शहरांवर लघुपट बनवला. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीतली काही दृश्यं होती, म्हणून बोर्डाने ए दिलं. अब्बास सुप्रीम कोर्टात गेले. १९७० मध्ये कोर्टाने सांगितलं, सिनेमा मनावर इतर कलांपेक्षा जास्त खोल परिणाम करतो, म्हणून आधी तपासणं चालेल. मोठे आणि लहान यांच्यासाठी वेगळी प्रमाणपत्रं देणंही चालेल.

मधली पायरी, म्हणजे यूए, आली १९८३ मध्ये. अमेरिकेच्या पीजी-१३ च्या एक वर्ष आधी! फक्त तिची एकच पायरी होती, १२ वर्षांची. २०२१ च्या नियमांनी ओटीटीसाठी ७+, १३+, १६+ अशा पायऱ्या आल्या आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्या सिनेमालाही लागल्या. एक फरक लक्षात ठेवा. ए असेल तर थिएटरवाल्याने १८ खालच्यांना आत सोडायचंच नाही, तो कायदा आहे. यूए १६+ असेल तर तो पालकांना दिलेला सल्ला आहे. गेटवर कोणी आधार कार्ड मागणार नाही.

आणि सेन्सॉर बोर्डाचं काम सिनेमाचं. गेम त्याच्याकडे जातच नाहीत. म्हणजे भाच्याच्या स्क्रीनवरचं १६+ मुंबईत किंवा दिल्लीत कोणी ठरवलेलं नाही. ते एका फॉर्मने ठरवलंय.

मग कायदाच का करत नाहीत, असं वाटेल. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये केला. हिंसक गेम अल्पवयीनांना विकला तर हजार डॉलरपर्यंत दंड. सही कोणाची? गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांची, खुद्द टर्मिनेटरची! २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी तो रद्द केला. न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिलं की पोरांना आपण ज्या परीकथा सांगतो त्याही रक्ताने भरलेल्या आहेत, आणि गेममुळे मुलं हिंसक होतात हे राज्याने दिलेल्या अभ्यासांतून सिद्ध होत नाही. म्हणजे २७ वर्षांपूर्वी सहा आठवड्यांत काढलेल्या १३ सारख्या आकड्यांमागचं विज्ञान अजून कोर्टाला पटेल इतकं पक्कं झालेलं नव्हतं.

मग भाच्याला काय सांगितलं?

"अरे, डॉक्टरने नाही, ज्याने गेम बनवला त्यानेच फॉर्म भरून हे १६ काढलंय." तो एकदम खूश झाला. "म्हणजे खोटं आहे ना? सांग आईला!"

मी म्हटलं, थांब. खोटं नाही. गेम बनवणारा स्वतःच कबूल करतोय की यात माणसं मरताना खऱ्यासारखी दिसतात. बनवणाऱ्याला गेम जास्तीत जास्त पोरांना विकायचा असतो, आणि तरी तो १६ म्हणतोय, तर त्यात काहीतरी असेल की नाही? पण तो आकडा तुझ्याबद्दल काही सांगत नाही. तू रात्री घाबरतोस का, हरलास की फोन आपटतोस का, ते तुझ्या आईला माहीत आहे, फॉर्मला नाही. आणि व्हॉइस चॅटवर कोण अनोळखी माणूस काय बोलेल, हे त्या आकड्यात धरलेलंच नाही. स्टोअरवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की इथे वापरकर्ते एकमेकांशी बोलू शकतात, खरेदी होऊ शकते. ते वाच आधी.

शेवटी ताईने, मी आणि त्याने मिळून एक संध्याकाळ त्या गेमचे व्हिडिओ बघितले. ते अनामिक पालक जे करत आलेत तेच आम्ही केलं, फक्त आमच्या समितीत ज्याच्याबद्दल निर्णय घ्यायचा तोसुद्धा बसला होता. निकाल? गेम सध्या नको. कारण ताईला रक्ताचं काही वाटलं नाही, पण चॅट बंद करायची सोय तिला सापडली नाही. भाचा अपील करणार म्हणतोय.

तुमच्या घरात हा निर्णय कोण घेतं, आणि काय बघून घेतं, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!